तेलाचा सण, शनवार तेल्यांच्या घरी

शनवारतेलीण
२१ डिसेंबर २०२४, रात्री ९.४०

दर डिसेंबरात ऑफिसातलं कोणीतरी लिफ्टमध्ये विचारतंच, "तुमचा तो मेणबत्त्यांचा सण, हनुक्का, आला ना? मग लाटके (किसलेल्या बटाट्याचे तळलेले वडे) करणार?" मी हो म्हणून मोकळी होते, कारण चौथ्या मजल्यापर्यंत तेवढाच वेळ असतो. खरं उत्तर लांबलचक आहे, म्हणून हा धागा.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. मूळ रेवदंड्याकडचे, तीन पिढ्या ठाण्यात. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, ही गोष्ट आमच्या घरोघरी सांगतात. पुढे कोकणातल्या गावांत आम्ही तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'.

आता गंमत बघा. हनुक्का हा तेलाचा सण. इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमारास मक्काबी नावाच्या ज्यू बंडखोरांनी जेरुसलेमचं मंदिर परत मिळवलं, दिव्यापुरतं शुद्ध तेल सापडलं ते एका दिवसाचं, आणि ते जळलं आठ दिवस. म्हणून आठ रात्री दिवे आणि आठ दिवस तळण. आणि ज्यांचा पिढीजात धंदाच तेल गाळायचा, त्या आम्हालाच हा सण ठाऊक नव्हता! आमच्यात असं मानतात की आमचे पूर्वज या घटनेच्या आधीच तिकडून निघाले. इतिहासाच्या कसोटीवर हे किती टिकतं यावर वाद घालायला माझी हरकत नाही. पण आमच्या जुन्या सणांची नावं पाहा: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. हनुक्का यात कुठेच नाही. तो आम्हाला कळला फार पुढे, कोचीनकडच्या आणि बगदादी ज्यूंशी संबंध आल्यावर.

त्यामुळे आजीच्या हातची 'खास हनुक्काची' अशी एकही पाककृती माझ्याकडे नाही. थंडीतलं तिचं खाणं म्हणजे मलिदा, आणि तो व्हायचा जानेवारी-फेब्रुवारीत. हनुक्का आमच्या घरात आणला आईने. सिनेगॉगमधल्या वर्गात ती शिकून आली आणि दिवाळीच्या उरलेल्या नऊ पणत्या तिने ओळीत मांडल्या. आठ सणाच्या, एक शमाश, म्हणजे बाकीच्या जिने लावायच्या ती. आजी म्हणाली, "दिवाळी होऊन महिना झाला, आता परत कशाला तेल जाळतेस?" आईने पणत्या लावल्या आणि बटाटेवडे तळायला घेतले. तळण दिसल्यावर आजीचा विरोध मावळला.

तेव्हापासून आमच्याकडे पहिल्या रात्री वडे. मधल्या रात्री कांद्याची भजी, पुऱ्या, जे सुचेल ते. शेवटच्या रात्री ओल्या नारळाच्या करंज्या, त्याही तेलात तळलेल्या. तूप नाही, कारण त्या रात्री मटण असतं आणि मटणाबरोबर आमच्यात दुधातुपाचं काही चालत नाही. याच कारणाने आमच्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, दही नाही.

यंदा पहिली वात २५ तारखेच्या संध्याकाळी, म्हणजे ऐन नाताळात. तुमच्या ओळखीच्या ज्यू घरांत थंडीत काय शिजतं ते लिहा. कोणी बाहेरदेशी असाल तर तिथलंही लिहा. इस्रायलचं राजकारण इथे नको, त्याला वेगळे धागे आहेत आणि तिथे पुरेशी फोडणी चालू आहे.

मीठभाकर
२१ डिसेंबर, रात्री १०.०५

मस्त धागा. दिवाळीच्या पणत्या फारच आवडल्या. वाचतेय.

खवय्या_७७
२१ डिसेंबर, रात्री १०.१२

मलिदा फक्त कंत्राटदार खातात असा माझा आजवरचा समज! पेपरात तर तेच वाचतो, 'मलिदा लाटला'. 😀

जरा गंभीर प्रश्न: दर्ग्यावर मिळतो तोच का हा? आमच्याकडे पोळी कुस्करून गूळ-तूप घालतात, त्याला मलिदा म्हणतात.

शनवारतेलीण
२१ डिसेंबर, रात्री १०.५५

@खवय्या_७७, नाव तेच, पदार्थ वेगळा. आमचा मलिदा पोह्यांचा.

पाककृती म्हणावी असं त्यात काही नाही. जाड पोहे धुवून निथळायचे. ओलं खोबरं सढळ हाताने, साखर (आजी गूळ घालायची, मी निम्मं निम्मं घालते), वेलची, थोडं जायफळ, बदाम-पिस्त्याचे काप, बेदाणे. हाताने हलकं कालवायचं, चमच्याने नाही. मोठ्या ताटात शीग रचायची आणि भोवती फळं: केळी, खजूर, सफरचंद, संत्री, चिकू. आमच्याकडे पाच प्रकार तरी हवेतच. वर गुलाब किंवा सब्जाची डहाळी, कारण वासासाठीही वेगळी बराखा म्हणजे आशीर्वाद असतो.

हे ताट एलियाहू हन्नाबीचं. एलिया प्रेषित, जो अग्निरथातून स्वर्गात गेला तो. आमच्या जुन्या घरांत त्याची रथातली तसबीर भिंतीवर असतेच. नवस फेडायचा, लग्न ठरलं, नवं घर घेतलं, दुखण्यातून कोणी उठलं की मलिदा करायचा. आणि वर्षातून एकदा शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे तू बिश्वातला, त्याचा ऊरूस. तो यंदा १३ फेब्रुवारीला येतोय.

आधी 'एलियाहू हन्नाबी' हे हिब्रू गाणं सगळ्यांनी म्हणायचं, मग एकेका फळावर बराखा. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. लहानपणी आम्हा पोरांची परीक्षा केळ्यावर व्हायची. केळीचं झाड दिसतं खरं, पण त्याला लाकडाचं खोड नाही, म्हणून केळ्यावर जमिनीच्या फळाची बराखा. चुकलं की आजी केळं मागे घ्यायची.

बर्फातला_बापू
२२ डिसेंबर, पहाटे ४.३०

न्यू जर्सीहून. आमच्या शेजारी एक ज्यू आजी राहतात, मूळ घराणं पोलंडकडचं. गेली अकरा वर्षं त्या हनुक्काला आम्हाला लाटके खायला बोलावतात आणि गेली तीन वर्षं किसायचं काम माझ्याकडे आहे. खांदे अजून दुखतात.

लाटके करून पाहणाऱ्यांसाठी त्यांचे धडे देतो. बटाटा किसून फडक्यात बांधायचा आणि पिळायचा. त्यांचं म्हणणं, "पिळून झालं असं वाटलं की अर्धं झालं." पिळलेलं पाणी फेकायचं नाही. दहा मिनिटं वाडग्यात ठेवलं की तळाला पांढरा साका बसतो. वरचं पाणी ओतून टाकायचं आणि साका परत किसात मिसळायचा. लाटका धरून राहतो तो त्यामुळे. कांदा बटाट्याबरोबरच किसायचा, म्हणजे किस लवकर काळा पडत नाही. मग अंडं, मात्झाचा चुरा (पेसाह या ज्यू सणाला खातात त्या बिनखमिराच्या कोरड्या पोळीचा), मिरपूड. मीठ अगदी तळायच्या वेळी, नाहीतर परत पाणी सुटतं.

आणि खायचे कढईशेजारी उभं राहून. टेबलावर नेईपर्यंत निम्मा कुरकुरीतपणा जातो.

बटाटा हे तसं नवं प्रकरण. तो दक्षिण अमेरिकेतून आलेला, पूर्व युरोपच्या गरिबांच्या ताटात रुळायला एकोणिसावं शतक उजाडलं. त्याआधी चीजचे किंवा बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाचे लाटके व्हायचे. तिकडच्या थंडीत ऑलिव्हचं तेल परवडणार कुणाला? हंसाच्या चरबीत तळत. आजी अजून त्या चरबीची आठवण काढतात आणि मग डॉक्टरची आठवण काढून गप्प बसतात.

सोबत काय, यावर मात्र त्यांच्या घरात दोन तट आहेत. एक सफरचंदाच्या लगद्याचा, दुसरा आंबट सायीचा. जेवणात मांस असलं की साय आपोआप बाद.

शंकेखोर
२२ डिसेंबर, सकाळी ८.१५

बटाटा किसून तव्यावर? हे तर उपासाचं थालीपीठ झालं. जिरं आणि मिरची विसरले बिचारे.

आणि तो मलिदा. पोहे आपले, नारळ आपला, नवस आपला, पौर्णिमा आपली, 'ऊरूस' शब्द मुसलमानांचा. मग यात ज्यू काय उरलं? प्रामाणिक शंका आहे, राग नसावा.

मीठभाकर
२२ डिसेंबर, सकाळी ८.३०

उपासाच्या थालीपिठात अंडं घाल आणि आईला सांग. मग कळेल फरक.

शनवारतेलीण
२२ डिसेंबर, सकाळी ११.२०

@शंकेखोर, राग नाही, पण हा 'आपला' जरा टोचला. त्या 'आपल्यात' मी नाही का? पोहे माझेही आहेत. आजीने आयुष्यभर मराठीतच भांडण केलं, मराठीतच हिशेब लिहिला आणि नऊवारीच नेसली. तिने शेजाऱ्यांकडून पोहे उसने घेतले आणि त्यावर हिब्रू आशीर्वाद शिंपडला, असं झालेलं नाही. तिच्याकडे हे दोन्ही पहिल्यापासून एकत्रच होतं.

आता ज्यू काय उरलं त्याची उजळणी. मटण असेल त्या जेवणात दूध नाही. मासा खवल्यांचा आणि पंखांचाच हवा, त्यामुळे कोकणात जन्मून कोळंबी आणि खेकडा बंद (ही खरी तपश्चर्या). कोंबडी-बकरा आमच्या रीतीने कापलेलाच. शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, किद्दुश (वाईनवर म्हणायचा आशीर्वाद) करायला वाईन नसे, म्हणून काळे मनुके भिजवून, कुस्करून, गाळून त्याचं सरबत. आणि शनिवारी चूल पेटवायची नाही. घाण्याचा बैलसुद्धा विश्रांती घेत असे, मग आजीने का नाही घ्यायची?

शंकेखोर
२२ डिसेंबर, दुपारी १२.०२

'आपला' शब्द मागे घेतो. थालीपिठाबद्दल मात्र ठाम आहे.

चौलची_चिंच
२२ डिसेंबर, दुपारी ३.४५

आम्ही अलिबागचे, इस्रायल आळीच्या जवळचे. ज्यू नाही, पण मलिदा खाऊन वाढलो. ऊरूसाच्या दिवशी शेजारच्या घरातून डबा यायचा. पोहे संपले तरी डब्याला खोबरं आणि वेलचीचा वास रात्रीपर्यंत असे. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून आई त्यात तांदळाचे पापड भरून द्यायची. तूप लागलेलं काही द्यायची नाही, तिला त्यांचे नियम आमच्यापेक्षा जास्त पाठ होते.

त्या दिवशी मुंबई-ठाणे-पुण्याहून गाड्या भरून माणसं खंडाळ्याला यायची. घाटातलं खंडाळा नव्हे हो, आमच्या तालुक्यातलं. तिथे एक खडक आहे, त्यावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या आहेत असं त्यांच्यात मानतात. तो तिथे उतरला आणि तिथूनच वर गेला. आम्ही पोरं त्या खुणांत पावलं मापत बसायचो.

आणि थंडीतलं खाणं म्हणालात तर पोपटीशिवाय हा धागा अपुरा राहील! मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर परत पाला. मडकं उपडं ठेवून भोवती गवत-पेंढ्याचा जाळ. पाण्याचा थेंबही नाही. आमचे ज्यू शेजारी पोपटीला हमखास असायचे, पण त्यांचं मडकं वेगळं. कोंबडी त्यांच्या माणसाने त्यांच्या रीतीने कापलेली, मसाल्यात दही नाही, लिंबू. जाळ मात्र एकच. खरं सांगते, त्यांच्या मडक्यातली कोंबडी जास्त चांगली व्हायची आणि आम्ही आमची शेंग देऊन त्यांची तंगडी मिळवायचो.

ते घर आता बंद आहे. मंडळी इस्रायलला. मागेन आबोत सिनेगॉग मात्र आहे, १८४८ सालचं, १९१० मध्ये नव्याने बांधलेलं. सणासुदीला उघडलं की आळीत जरा जाग येते.

अश्दोदकर
२२ डिसेंबर, सायंकाळी ७.१०

@चौलची_चिंच, डबा रिकामा परत करायचा नाही हे वाचलं आणि डोळ्यांसमोर आमचा जिना आला. इथे अश्दोदमध्ये आमच्या इमारतीत तीन बेने इस्रायल घरं, दोन मोरोक्कन, एक रशियन, एक जॉर्जियन. हनुक्काच्या आठ रात्रींत जिन्यात इतके वास फिरतात की लिफ्टने जावंसं वाटत नाही.

इथला दुकानी पदार्थ म्हणजे सुफगानिया. गोल, तळलेला, पोटात जॅम, वर पिठीसाखर. आता पिस्ता, कॅरामल, काय काय थेर निघालेत आणि किंमत ऐकली की वात विझते. १९२० च्या दशकात हिस्ताद्रुत या कामगार संघटनेने याचा प्रसार केला असं सांगतात. लाटके कोणीही घरी करेल, सुफगानिया जमणं अवघड, म्हणजे बेकरीतल्या माणसांना काम. खाण्यामागे युनियन असते, हे मुंबईकराला वेगळं समजवायला नको.

माझा जीव मात्र खालच्या मजल्यावरच्या मोरोक्कन बाईंच्या स्फेंजवर. सैल पीठ, हाताला पाणी लावून गोळा घ्यायचा, अंगठ्याने भोक पाडायचं, ओढून तेलात सोडायचं. आत काही भरायचं नाही. बाहेर कुरकुरीत, आत जाळी. त्या माझ्या बायकोला म्हणतात, "तुमचे वडे आण, स्फेंज घेऊन जा." देवाणघेवाण ठरलेली आहे. हिरव्या मिरचीचं प्रमाण तेवढं आम्ही त्यांच्यासाठी निम्मं केलं.

तू बिश्वातला इथली शाळेतली मुलं झाडं लावतात आणि लोक सुकी अंजिरं, खजूर, बदाम खातात. बदामाचं झाड त्याच सुमाराला फुलतं. तेव्हा आमची म्हातारी माणसं हॉलमध्ये जमतात, ताटं लागतात आणि मलिदा कालवला जातो. पोहे इथल्या भारतीय दुकानांत मिळतात. नारळ फोडायला मात्र माझ्याकडेच आणून देतात, कारण इमारतीत कोयता माझ्याच घरी आहे.

नातवंडं मराठीत उत्तर देत नाहीत. मलिदा मागायला मात्र 'अजून' हा शब्द सगळ्यांना येतो.

बर्फातला_बापू
२२ डिसेंबर, रात्री ८.००

कोयता घेऊन विमानात बसला होतात का?

अश्दोदकर
२२ डिसेंबर, रात्री ८.०४

१९७१ साली वडील बोटीने सामान घेऊन आले. त्यात पाटा-वरवंटाही होता. वरवंटा अजून आहे, दाराला अडसर म्हणून.

खवय्या_७७
२२ डिसेंबर, रात्री ९.३०

तारखेचा घोळ कोणी समजावेल का? गेल्या वर्षी हनुक्का डिसेंबरच्या सुरुवातीला होता असं आठवतंय, यंदा एकदम नाताळात कसा?

शनवारतेलीण
२२ डिसेंबर, रात्री ९.५०

बरोबर आठवतंय. गेल्या वर्षी ७ डिसेंबरला पहिली वात होती. आमचे महिने चंद्राचे, पण सण ऋतूत राहावेत म्हणून १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना घालतात. तो गेल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊन गेला, म्हणून हनुक्का पुढे सरकला. तुमच्या अधिक मासाचं गणितही जवळपास हेच आहे. फरक एवढाच की आमचा अधिक महिना नेहमी अदारच असतो, तुमचा फिरता. आणि जावयाला वाण द्यायची भानगड आमच्यात नाही.

मीठभाकर
२३ डिसेंबर, सकाळी १०.१०

अवांतर: आमच्या कोचीच्या मैत्रिणीकडून ऐकलंय की तिथले ज्यू हनुक्काला नेय्यप्पम करायचे. तांदूळ, गूळ, खोबरं, तळलेलं. आपल्या अनारशाचा गुबगुबीत भाऊ. (शंकेखोर, 'आपल्या' लिहिलंय, क्षमस्व.)

शंकेखोर
२३ डिसेंबर, सकाळी १०.१४

मी आता धागा संपेपर्यंत फक्त वाचणार.

खवय्या_७७
२५ डिसेंबर, रात्री ८.४५

धीर धरवला नाही, फेब्रुवारीपर्यंत कोण थांबणार? आज घरी मलिदा केला. जाड पोहेच घेतले, अर्धा तास भिजवले, खोबरं-साखर घातली आणि आता ताटात शीग नाही, चिखल आहे. शनवारतेलीणबाई, वाचवा.

शनवारतेलीण
२५ डिसेंबर, रात्री ९.३०

आत्ता पहिली वात लावून आले, हाताला वड्याचं पीठ आहे, म्हणून थोडक्यात. अर्धा तास??? फक्त धुवायचे आणि चाळणीत निथळायचे, साखर आणि खोबऱ्याचं पाणी पुढचं काम करतं. आता त्यात सुकं खोबरं भाजून घाला, मूठभर कोरडे पातळ पोहे घाला, दहा मिनिटं थांबा. तरी सैल राहिला तर लाडू वळा.

खवय्या_७७
२५ डिसेंबर, रात्री १०.२०

लाडू वळले. सोळा झाले, आता अकरा आहेत.